दत्तकपत्रावर देणाऱ्याची सही आहे का, ते आधी बघा

चुलत्यांनी दत्तकावर हरकत घेतली की बहुतेक जण सातबारा काढायला धावतात. आधी दत्तकपत्र उघडा. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा 1956, कलम 16 प्रमाणे पत्र नोंदणीकृत असेल आणि त्यावर मूल देणाऱ्याची व घेणाऱ्याची, दोघांचीही सही असेल, तर न्यायालय दत्तक कायदेशीर झाले असे गृहीत धरते. मग ते खोटे ठरवण्याचे ओझे हरकत घेणाऱ्यावर येते. फक्त घेणाऱ्याची सही असेल तर हा आधार मिळत नाही आणि प्रत्यक्ष देणे-घेणे साक्षीदारांनी शाबीत करावे लागते. म्हणून मांडीवर मूल दिल्याचे फोटो आणि त्या दिवशी हजर असलेल्यांची नावे जपून ठेवा. दत्तहोम (दत्तक घेतानाचा धार्मिक होम) झाला नाही एवढ्यावरून दत्तक रद्द होत नाही.

पंधरा वर्षांवरील मुलाचे दत्तक रूढी असेल तरच चालते. पत्नी हयात असेल तर तिची संमती लागतेच (मोजके अपवाद सोडून). ती पत्रातच लिहून घ्या.

तारखाही ताडून बघा. दत्तकाआधीच जमीन कुणाच्या मालकीची झाली असेल, तर दत्तकामुळे ती त्याच्याकडून जात नाही. याउलट मुलाला जन्मदात्या घरी आधीच मिळालेला हिस्सा, त्यावरच्या जबाबदाऱ्यांसह, त्याचाच राहतो.

फेरफार (सातबाऱ्यावरील नावबदलाची नोंद) मंजूर झाला म्हणजे मालकी ठरली असे समजू नका. ती नोंद महसुलापुरती. हक्काचा वाद दिवाणी न्यायालयातच सुटतो.