आधी वर्षाचा खर्च मोजा

मी कळव्याला खारीगावात राहते. घर वन बीएचके, माणसं पाच: आम्ही दोघं, सासूबाई आणि दोन मुली. ह्यांची नोकरी रबाळ्याला, मी घरी शिवणकाम करते. दोन वर्षांपूर्वी ह्यांनी रात्रपाळी सोडली आणि कमी पगाराची दिवसपाळी घेतली. पीएफ धरून अकरा वर्षांच्या घरखर्चाइतके पैसे साठले होते, म्हणून ते जमलं. कसं साठवलं ते सांगते.

सुरुवात शंभर पानी वहीने करा. तीन महिने काहीही कमी न करता फक्त लिहा. दूध, दळण, रिक्षा, चप्पल शिवून घेतली ते, लग्नातलं पाकीट, सगळं. या तिमाहीची चौपट करा आणि वर्षातून एकदाच येणारे खर्च त्यात मिळवा: शाळेची फी, गणपती, मालमत्ता कर, विम्याचा हप्ता. आमचा आकडा ४ लाख २० हजार आला.

आता तो ३० ने गुणा. एवढे जमले की पगाराशिवाय घर चालतं; नुसता कमी पगार चालवून घ्यायला त्याहून बरेच कमी पुरतात. अमेरिकेत वर्षाच्या खर्चाच्या २५ पट धरतात, म्हणजे पहिल्या वर्षी साठ्यातले ४ टक्के काढायचे आणि पुढे तीच रक्कम महागाईप्रमाणे वाढवत न्यायची. आपल्याकडे महागाई जास्त, म्हणून मी ३० धरते. आमचे १ कोटी २६ लाख झाले आणि माझ्या पोटात गोळा आला. मग तोच हिशोब उलटा करून पाहिला. महिन्याचा एक हजाराचा खर्च कायमचा गेला, तर जमवायचे ३ लाख ६० हजार कमी होतात, आणि दर महिन्याला वाचलेले हजार साठ्यात पडतात ते वेगळेच. हे कळल्यापासून मला काटकसर म्हणजे मन मारणं वाटेनासं झालं.

सगळ्यात जास्त फरक पडला तो साठवणीच्या धान्याने. मार्च-एप्रिलला नवा गहू बाजारात येतो. आमच्या मजल्यावरची चार घरं मिळून वाशीच्या दाणाबंदरातून, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारातून, पोती आणतो आणि टेम्पोचं भाडं वाटून घेतो. आमच्या घराचा वाटा दीडशे किलो गहू आणि तीस किलो तूरडाळ. एवढं ठेवायचं कुठे, असं सगळ्या विचारतात. दिवाणाच्या पोटात दोन मोठे पत्र्याचे डबे बसतात, तिथेच. गहू गच्चीवर दोन कडक उन्हं खातो, सावलीत पूर्ण गार होतो आणि मगच वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्यासकट डब्यात जातो. गरम गहू भरलात तर डब्याला आतून घाम येतो आणि जुलैत कीड पडते. आमचा पहिल्या वर्षीचा अर्धा डबा असाच गेला. डाळीला किलोमागे छोटा चमचा एरंडेल चोळायचं. ते सासूबाई करतात, माझ्या हाताचं त्यांना पटत नाही. मिरची-मसालाही मेमध्येच, पावसाआधी कुटून घ्या.

रेल्वेचा तिमाही पास काढा. तीन महिन्यांच्या पासाला २.७ महिन्यांचेच पैसे पडतात. पंखा बदलायची वेळ आली की बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, घ्या. जुना ७५ वॉट खातो, हा तीसच्या आसपास. पंधरा तास चालणाऱ्या तीन पंख्यांत महिन्याला साठ युनिट वाचतात.

दूध, फळं, डॉक्टर आणि सासूबाईंची भजनी मंडळाची सहल या ओळींवर मी कधीच काट मारली नाही. घरातल्या कुणाला आपल्यावर अन्याय होतोय असं वाटलं की वही बंद पडते.

वाचलेला पैसा घरात थांबू देऊ नका. २०१७ मध्ये आमच्या घराचं कर्ज फिटलं, पण हप्त्याचे १४ हजार आम्ही तसेच खात्यातून जाऊ दिले. आधी सहा महिन्यांच्या खर्चाइतकी एफडी केली, मग काही रक्कम पीपीएफमध्ये (सरकारी, पंधरा वर्षांचं बचत खातं) आणि काही इंडेक्स फंडाच्या (शेअर बाजाराच्या निर्देशांकातल्याच कंपन्यांत पैसे लावणारा म्युच्युअल फंड) डायरेक्ट प्लॅनमध्ये, म्हणजे मध्ये एजंट न घेता, लावली. विमा आणि बचत एकत्र करू नका. ओळखीतल्या एकांच्या शब्दावर आम्ही तशी पॉलिसी घेतली होती. सहा वर्षं हप्ते भरले आणि मोडली तेव्हा भरलेलंही पूर्ण परत आलं नाही. कमावत्या माणसाचा टर्म विमा (माणूस गेला तरच पैसे मिळतात, बचत नाही), सगळ्यांचा आरोग्यविमा, बास.

पीपीएफचं व्याज एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आहे आणि ते करमुक्त आहे. वर्षाला दीड लाखापर्यंत भरता येतात. पंधरा वर्षं तेवढे भरले तर साडेबावीस लाखांचे याच दराने चाळीस लाखांच्या आसपास होतात. फक्त तारीख सांभाळा. महिन्याच्या ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सगळ्यात कमी शिल्लक असते, तिच्यावर व्याज मिळतं. सहा तारखेला भरलेल्या पैशाला त्या महिन्याचं व्याज नाही. ह्यांचा पगार १ तारखेला होतो आणि मी ३ तारीख लावून ठेवली आहे, म्हणजे मध्ये बँकेला सुट्टी आली तरी पैसे वेळेत पोचतात.