स्वप्नं, घरच्या आठवणी आणि रोजचे दिवस: टिकेल अशी वही कशी लिहावी

बावीस वर्षं मी एक वही लिहिते आहे. म्हणजे वह्या बदलल्या, पण लिहिणं एकच. तिच्यात रात्री पडलेली स्वप्नं असतात, घरातल्या माणसांनी सांगितलेल्या आठवणी असतात आणि त्या दिवसाचं काहीतरी साधं असतं. सुरुवातीला मी सगळे सल्ले पाळले. रोज दोन पानं लिहा, मन मोकळं करा, झोपताना पाच चांगल्या गोष्टी आठवा. त्या सल्ल्यांपायी दोन वह्या अर्ध्यावर सुटल्या. आता उघडून पाहते तर त्यांत नुसत्या भावना आहेत. कोणाच्या, कशामुळे, कुठल्या घरात, काही कळत नाही. म्हणून खाली जे सांगते ते पुढच्या वीस वर्षांत टिकलेलं आहे तेवढंच.

वही दोनशे पानी, शिवलेली घ्या. स्पायरलची नको, तिची पानं सुटतात. पेन साधं बॉलपेन, कारण जेलची शाई पावसाळ्यात फुटते. पानांवर आकडे घाला, पहिली चार पानं कोरी सोडा आणि फक्त उजव्या पानावर लिहा. डावं पान मोकळं का ठेवायचं ते पुढे येईल.

स्वप्न धरणं

जाग आली की कूस बदलू नका, डोळे उघडू नका, घड्याळ बघू नका. आहात तसेच पडून राहा आणि शेवटचं दृश्य आधी धरा. त्याच्या आधी काय होतं, त्याच्या आधी काय, असं उलटं मागे जा. सुरुवातीपासून आठवू पाहाल तर काहीच हाती लागत नाही. दोन-तीन दृश्यं पक्की झाली की मग उठून लिहा, तेही चूळ भरण्याआधी. एकदा गॅसवर दूध ठेवलं की संपलं.

पहाटेचं स्वप्न खरं होतं, असं आपल्याकडे म्हणतात. पहाटेचंच स्वप्न ध्यानात राहतं याला मात्र सरळ कारण आहे. झोपेत बुबुळं भराभर हलतात तो टप्पा शिकागोमध्ये असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ साली जगापुढे मांडला. ठसठशीत स्वप्नं बहुतेक त्याच टप्प्यात पडतात. साधारण दर ९० मिनिटांनी तो येतो आणि रात्र सरत जाते तसा लांबत जातो. म्हणजे सर्वांत लांब स्वप्नं पहाटेच्या झोपेत असतात, आणि जागही तेव्हाच येते. तेव्हा रात्री दोन वाजता गजर लावून उठायची गरज नाही. झोप पुरी होऊ द्या.

लिहिताना वर्तमानकाळ वापरा आणि घरात बोलता ती भाषा वापरा. ‘मी एका प्राचीन वास्तूत प्रवेश केला’ असं लिहिलंत की स्वप्न गेलंच. ‘मी वाड्यात शिरते, आत अंधार आहे, चुलीचा वास येतो’ एवढं पुरे. अर्थ लिहू नका. साप दिसला म्हणजे धन, दात पडला म्हणजे घरात मृत्यू, ही कोष्टकं वहीत शिरली की पुढची स्वप्नं तुम्ही त्या कोष्टकाच्या चष्म्यातून लिहायला लागता. नमुनाच हवा असेल तर तुकोबांचा घ्या. कवित्व करण्याची आज्ञा स्वप्नात झाली हे सांगताना ते म्हणतात ते किती नेमकं आहे पाहा: नामदेव आले, सोबत पांडुरंग होते, काम सांगितलं, थापटून सावध केलं. कोण आलं, बरोबर कोण होतं, काय सांगितलं, काय केलं. स्वप्न असंच लिहावं.

लिहून झालं की त्यातल्या वस्तूंभोवती पेन्सिलीने गोल करा. माझ्या स्वप्नात माणसांचे चेहरे बदलतात, आईचा आवाज शेजारणीच्या तोंडून येतो, पण फडताळ, कोनाडा, उंबऱ्याचा झिजलेला दगड हे सगळं आजोळच्या घरातलंच निघतं. त्या वस्तूंना धरून घरच्यांच्या आठवणींकडे जायचं.

घरच्यांना विचारणं

हीच पायरी अवघड आहे आणि इथेच मी एक नुकसान करून बसले आहे. ते भरून येणार नाही, म्हणून सविस्तर सांगते.

माझं आजोळ पाटण तालुक्यातलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा त्या घराची मागची भिंत गेली. माझा जन्म १९७१ चा. तरीही त्या पहाटेचं स्वप्न मला लहानपणापासून पडत आलं आहे: आजी अंगणात वाकळ पांघरून उभी आहे आणि आत फळीवरची पितळेची भांडी खणखणताहेत. वही सुरू केल्यावर मी ते स्वप्न लिहिलं, ‘वाकळ’भोवती गोल केला आणि त्याच दुपारी आईला विचारलं, ‘आजी वाकळ घेऊन अंगणात उभी होती ना गं?’

आई भाकरी थापत होती. क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘असेल की. थंडीच होती.’

मी खूश. स्वप्नाखालीच लिहिलं: आई म्हणते, आजी वाकळ घेऊन उभी होती. सहा महिन्यांनी एका लग्नात आई दुसऱ्या कोणाला भूकंपाची गोष्ट सांगत होती, तर तिच्या बोलण्यात ती वाकळ आली. रंगासकट. पुढे प्रत्येक वेळी येत राहिली. आई जायच्या आदल्या वर्षीपर्यंत ती तशीच सांगत असे, आणि तिच्या डोळ्यांसमोर ते खरंच उभं राहत असे.

आई गेल्यावर मावशीकडे राहायला गेले होते. भूकंपाच्या वेळी मावशी अकरा वर्षांची होती. आम्ही शेंगा फोडत बसलो होतो. त्या वेळेपर्यंत मी थोडी शिकले होते, म्हणून एवढंच विचारलं, ‘त्या पहाटे तू कुठं झोपली होतीस?’ मावशी बोलत गेली. ‘चुलीपाशी. आधी आवाज झाला, उतरंड कोसळली मडक्यांची. आम्ही पोरं बाहेर पळालो आणि आई गोठ्याकडं धावली. म्हशीचं दावं सुटंना, म्हणून विळ्यानं कापत होती. आम्ही हाका मारतोय, ये की गं, आणि ती मागं वळून बघंना.’

फळी नव्हती, पितळेची भांडी नव्हती, वाकळ नव्हती. पडक्या भिंतीशेजारी विळ्याने दावं कापणारी आजी होती, आणि ती आईनेही पाहिलेली होती. माझ्या एका प्रश्नाने आईच्या मनात तिच्या जागी माझं स्वप्न जाऊन बसलं.

हे माझ्याच घरी घडलं असं नाही. अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली याचा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखवली. काहींना विचारलं, गाड्या धडकल्या तेव्हा वेग किती होता. काहींना विचारताना ‘आदळून चुराडा झाला’ अशा अर्थाचा शब्द घातला. आठवड्याने विचारलं, फुटलेल्या काचा पाहिल्या का? काच फुटलेली नव्हतीच. तरी जोराचा शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण हो म्हणाले, साधा शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७. एका शब्दाने आठवड्यात एवढा फरक पडतो. माझी वाकळ तर वर्षानुवर्षं आईच्या कानावर आणि ओठांवर होती.

म्हणून आता मी जे पाळते ते तुम्हीही पाळा, आणि यात सूट घेऊ नका.

स्वप्न आधी सांगायचं नाही. विचारून, ऐकून, लिहून झाल्यावर सांगा, खुशाल सांगा, पण आधी नाही. ‘ना’, ‘नाही का’, ‘बरोबर ना’ हे शब्द प्रश्नात आले की तो प्रश्न नव्हे, ती सही मागणं झालं. वडीलधारी माणसं लेकराचं मन मोडत नाहीत, सही करून टाकतात.

स्वभाव विचारू नका, काम विचारा. ‘आजोबा रागीट होते का?’ यावर एका शब्दाचं उत्तर येतं आणि तिथेच थांबतं. ‘घरात पहाटे पहिलं कोण उठायचं?’, ‘पाणी कुठून आणायचात?’, ‘दिवेलागणीला आजोबा कुठं बसायचे?’ असं विचारा. आजोबांचा राग त्यात आपोआप येईल, त्याच्या कारणासकट येईल. घराबद्दल विचारायचं तर एक कागद द्या आणि दार कुठे, चूल कुठे, गोठा कुठे हे बोटाने दाखवायला सांगा. माझ्या मामाने असं दाखवता दाखवता एक खोली सांगितली, जिचं नावही कोणी कधी घेतलं नव्हतं. बाळंतिणीची खोली. तिथे त्याची धाकटी बहीण गेली होती.

हात कामात असताना विचारा. मेथी निवडताना, वाती वळताना, लोणच्याच्या कैऱ्या पुसताना. समोर बसवून, फोनवर आवाज टिपायला लावून विचारलंत की माणूस भाषण करतो. मध्येच बोलणं थांबलं तर थांबू द्या. तुम्ही शब्द पुरवलात की पुढचं सगळं तुमचं होतं. आणि दोन भावंडांना एकत्र बसवून कधीच विचारू नका. मोठं बोलतं, धाकटं मान हलवतं, आणि धाकट्याची आठवण तिथेच संपते. वेगवेगळं विचारा. दोघांचं जुळलं नाही तर दोन्ही लिहा. न्यायनिवाडा वहीचं काम नाही.

उत्तर त्यांच्या शब्दांत लिहा, ‘बघंना’ तर ‘बघंना’च. आणि आपण काय विचारलं तेही शब्दशः लिहा. हे कोणी सांगत नाही, पण माझ्या लेखी हाच सगळ्यांत महत्त्वाचा नियम आहे. प्रश्न लिहिलेला असेल तर दहा वर्षांनीही कळतं की उत्तर कोणाचं होतं. वाकळीच्या पानावर मी प्रश्न लिहिला नव्हता. तो मला आठवला, कारण तो बोचत राहिला. बाकीच्या किती पानांवर असं झालं असेल, ते आता शोधायला वाट नाही.

समासात खूण करा: स्वप्नात आलं ते ‘स्व’, कोणाकडून ऐकलं ते ‘ऐ’ आणि सांगणाऱ्याचं नातं, स्वतः पाहिलं ते ‘पा’. ‘पा’ लिहिताना जन्मसाल आठवा. मी १९६७ च्या पहाटेपुढे कितीतरी वर्षं मनातल्या मनात ‘पा’ लिहीत होते.

साल लावणं

‘कोणत्या वर्षी?’ असं विचारून उपयोग नसतो. पुण्याच्या माणसाला विचारा, पानशेतच्या आधी की नंतर. तो पूर १२ जुलै १९६१ चा. आमच्याकडे कोयना. खेड्यात कुठेही १९७२ चा दुष्काळ चालतो: खडी फोडायला कोण गेलं, सुकडी कोणी खाल्ली, यावरून माणसांची वयं लागतात. गिरणगावात १९८२ चा संप, लातूर-धाराशिवकडे ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट, मुंबईत २६ जुलै २००५. या खुंट्यांवर टांगलं की बाकीचं जागेवर बसतं: ‘संपाच्या वेळी तू पोटात होतीस.’

कागदांत शाळा सोडल्याचा दाखला पाहा, पण जन्मतारीख १ जून असेल तर तिच्यावर विसंबू नका. मास्तरांनी शाळेत नाव घालताना कितीतरी मुलांना ती तारीख देऊन टाकली आहे. माझ्या मामाची आणि त्याच्या दोन चुलतभावांची तारीख तीच आहे.

रोजचा दिवस

तीन ओळी. एक बाजारभाव, एक ऐकलेलं वाक्य, एक वास किंवा आवाज. ‘कोथिंबीर ४० रुपये जुडी. लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, आज मला कोणी हाकच मारली नाही. संध्याकाळी ओल्या गोणपाटाचा वास.’ याहून जास्त लिहावंसं वाटलं तर लिहा, नाही वाटलं तर झोपा. चार दिवस चुकले तर मागचं भरून काढू नका. भरून काढलेले दिवस खोटे होतात, एकाच शाईत, एकाच सुरात.

दुरुस्ती

पान फाडायचं नाही, पांढरी शाई लावायची नाही. चुकलेल्या ओळीवर एक सरळ रेघ, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी तारीख. नवं कळलेलं डाव्या पानावर. पहिल्या चार कोऱ्या पानांवर माणसं आणि वस्तू यांची यादी करत जा, पुढे पानांचे आकडे. दिवाळीच्या साफसफाईत वह्या खाली निघतातच, तेव्हा यादी पुरी करून टाका.

माझ्या यादीत ‘वाकळ’ पुढे पाच आकडे आहेत आणि ‘विळा’ पुढे एकच. त्या एका पानाच्या डाव्या बाजूला मावशीचं बोलणं तिच्याच शब्दांत आहे, वर माझा प्रश्न आहे, समासात ‘ऐ, मावशी’. उजवीकडे आईच्या वाक्यावर मी रेघ मारलेली नाही. तिच्याखाली लिहिलं आहे: हे मी तिला सांगितलं होतं.