बडोद्यातून पोलीस भरती देताय? या चुका टाळा

गुजरात पोलीस भरती मंडळाची जाहिरात आली की बडोद्याच्या मराठी घरांतली मुलं-मुली जोमाने तयारीला लागतात. पहाटे मैदान, दुपारी अभ्यासिका, रात्री मोबाइलवर भरतीचे व्हिडिओ. व्हिडिओ मराठीत असतात, शिकवणारे मनापासून शिकवतात, समजतंही चटकन. पण ते शिकवतात ती भरती महाराष्ट्राची असते. दांडिया बाजार, रावपुरा, नवापुरा, मांजलपूर इथून अर्ज भरणाऱ्यांच्या ज्या चुका मला पुन्हा पुन्हा दिसतात, त्यांतल्या बऱ्याचशा एकाच मुळातून निघतात: परीक्षा गुजरातची आणि डोक्यात नियम महाराष्ट्राचे.

म्हणून आधी हे पक्कं करा की तुम्ही कुठली भरती देणार. महाराष्ट्राच्या शिपाई भरतीला तिथला अधिवास लागतो. जन्म, शाळा, रेशनकार्ड सगळं बडोद्याचं असेल, तर मामाच्या पुण्याच्या पत्त्यावर अर्ज भरून काही साधत नाही. बडोद्यात वाढलेल्यांसाठी खरी वाट लोकरक्षक भरतीचीच, म्हणजे निःशस्त्र शिपाई, सशस्त्र शिपाई, राज्य राखीव दलाचा शिपाई आणि तुरुंग शिपाई. पदवीधरांसाठी त्याच्या जोडीला पीएसआय. पुढचे आकडे २०२४ च्या १२,४७२ पदांच्या जाहिरातीपासून जे नियम लागू झाले, त्यांतले आहेत. तुमच्या वेळची जाहिरात मात्र स्वतः डाउनलोड करून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा. क्लासच्या ग्रुपवर फिरणाऱ्या फोटोवर भिस्त ठेवू नका.

मैदानाची तयारी भलत्याच मापाने

महाराष्ट्रात पुरुषांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते, मैदानाला ५० गुण असतात. गुजरातमध्ये धाव एकच. पुरुषांना ५००० मीटर २५ मिनिटांत, महिलांना १६०० मीटर ९ मिनिटं ३० सेकंदांत, माजी सैनिकांना २४०० मीटर १२ मिनिटं ३० सेकंदांत. गोळा नाही, शंभर मीटर नाही. तरीही गोळ्यावर महिनोन्‌महिने घालवणारी मुलं दिसतात, तेव्हा फार वाईट वाटतं. तो वेळ त्यांना परत मिळणार नसतो.

दुसरी चूक यापेक्षा महाग पडते. आधीच्या पद्धतीत धावण्याला २५ गुण होते आणि २० मिनिटांच्या आत आलं की पूर्ण गुण मिळायचे. २०२४ पासून धाव फक्त पात्रतेची आहे. १९ मिनिटांत आलेला आणि २४ मिनिटं ५० सेकंदांत आलेला, दोघेही सारखेच पास. तरी जुने सिनिअर अजून ‘वीसच्या आत काढ’ म्हणून मागे लागतात. मुलं जीव तोडून पळतात आणि ऐन ग्राउंडच्या तोंडावर नडगी धरून बसतात. २३ मिनिटांत आरामात पोचता यावं इतकी तयारी करा, बाकीची ताकद लेखीसाठी राखा.

वेगाचं गणित सोपं आहे. ४०० मीटरच्या ट्रॅकवर साडेबारा फेऱ्या आणि प्रत्येक फेरीला २ मिनिटं. शिट्टी वाजली की घोळका सुसाट सुटतो आणि तुम्ही त्याच्यासोबत पहिली फेरी दीड मिनिटात मारता. तिसऱ्या फेरीला छान वाटतं, सातव्या फेरीला पोटात कळ येते, दहाव्या फेरीला चालायची वेळ येते. पहिल्या दोन फेऱ्या मुद्दाम १ मिनिट ५० सेकंदांच्या आसपास ठेवायची सवय सरावातच लावून घ्या. मुलींना १६०० मीटरच्या चार फेऱ्यांत दर फेरीला साधारण २ मिनिटं २२ सेकंद मिळतात. त्यांचा वेळ चौथ्या फेरीपेक्षा तिसऱ्या फेरीत जास्त हातातून जातो, कारण तिथे लक्ष ढिलं पडतं.

पोलो ग्राउंडवर किंवा नवलखी मैदानात सराव करत असाल, तर आपली फेरी किती मीटरची पडते ते एकदा मोजा. अंदाजाने ‘आज पाच हजार मारले’ म्हणणाऱ्यांचे प्रत्यक्षात चार-सव्वाचारच भरतात. परीक्षेच्या दिवशी फेऱ्या चिपवर मोजल्या जातात, तिथे अंदाज चालत नाही.

उंची आणि छातीबद्दल थोडक्यात. पुरुषांची उंची १६५ सेंटिमीटर, महिलांची १५५. गुजरातच्या मूळच्या अनुसूचित जमातीसाठी १६२ आणि १५०. अनुसूचित जाती किंवा मागासवर्गाला उंचीत सूट नाही, हे कितीतरी जणांना मैदानावर पोचल्यावर कळतं. पुरुषांची छाती न फुगवता ७९ आणि फुगवून ८४ लागते. इथे गफलत होते ती अशी, की ज्याची छाती आधीच ८६ आहे तो निर्धास्त राहतो. फुगवटा किमान ५ सेंटिमीटरचा हवा, म्हणजे त्याला ९१ दाखवावी लागते. श्वास भरून छाती फुलवायचा सराव रोज करा, घरी कुणाला तरी टेप धरायला सांगा. उंची काठावर असेल तर सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा मोजा. दिवसभरात माणूस सेंटिमीटरभर खाली येतो. वजनाची अट आता नाही.

सपाट पाय, गुडघे एकमेकांना घासणं, तिरळेपणा, पायांच्या फुगलेल्या शिरा, रंगांधत्व, किडलेले दात यांवर वैद्यकीय तपासणीत बोट ठेवलं जातं. दोन वर्षं राबून शेवटी रंगांधत्वावर अडकण्यापेक्षा आजच डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून या.

वय उलटलं नसताना घरी बसणारे

महाराष्ट्रात खुल्या गटाला शिपाई भरतीत २८ ची मर्यादा आहे. ती ऐकून २९-३० वर्षांची आपली मुलं ‘आता माझं झालं’ म्हणून नाद सोडतात. गुजरातमध्ये लोकरक्षकसाठी १८ ते ३३ आहे, त्यावर आरक्षित गटांना ५ वर्षं, खुल्या गटातल्या महिलांना ५ वर्षं आणि आरक्षित गटातल्या महिलांना १० वर्षं सूट. लग्नानंतर बडोद्यात आलेल्या, बारावी झालेल्या कितीतरी सुनांना आपण अजून वयात बसतो हे माहीतच नसतं. त्यांना हे कुणीतरी सांगायला हवं. शिक्षण लोकरक्षकसाठी बारावी पास, पीएसआयसाठी पदवी आणि वय २१ ते ३५. निकाल अर्जाच्या शेवटच्या तारखेपर्यंत हातात हवा, ‘परीक्षा दिलीय’ चालत नाही.

पदवी असेल तर फॉर्ममध्ये दोन्ही पदांचा पर्याय निवडा. धाव एकच द्यावी लागते. नुसता पीएसआय निवडून लोकरक्षकची संधी घालवलेले पदवीधर दर भरतीत भेटतात.

‘आमचा दाखला सांगलीचा आहे, चालेल ना?’

हा प्रश्न आई-वडील विचारतात तेव्हा उत्तर देताना जीव जड होतो, कारण उत्तर ‘नाही’ असं असतं. जातीच्या यादीचा हिशेब राज्यागणिक वेगळा. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये मरी चंद्रशेखर राव खटल्यात हे स्पष्ट केलं, की एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्याला मूळ राज्याच्या दाखल्यावर नव्या राज्यात आरक्षण मागता येत नाही. महाराष्ट्राचा दाखला जोडून आरक्षित गटातून अर्ज भरला, तर कागदपत्रांच्या पडताळणीत तो उलटतो, आणि तोवर मैदान, लेखी सगळं पार पडलेलं असतं.

पण म्हणून सगळ्या मराठी घरांनी आशा सोडायची का? मुळीच नाही. बडोदा संस्थान १ मे १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं. गायकवाडी काळापासून इथे राहणारी घरं गुजरातचीच आहेत. प्रश्न फक्त कागदावर सिद्ध करण्याचा. मागासवर्गाच्या आणि आर्थिक दुर्बल गटाच्या दाखल्यासाठी १९७८ च्या आधीपासून गुजरातेत राहत असल्याचा पुरावा मागतात. आजोबांचा बडोद्यातल्या शाळेचा सोडल्याचा दाखला, जुनी मतदार यादी, घराचं सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड, वडिलांचं जुनं रेशनकार्ड हे शोधून ठेवा. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत ते बहुधा असतं. जाहिरात आल्यावर शोधायला लागलात तर उशीर झालेला असतो, कारण तेव्हा नर्मदा भवनातल्या जनसेवा केंद्रात अख्खं शहर रांगेत उभं असतं.

एक सापळा तर खास मराठ्यांसाठी आहे. महाराष्ट्रात २०२४ च्या कायद्याने मराठा समाजाला ‘एसईबीसी’ (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) म्हणून १० टक्के आरक्षण दिलं. गुजरातमध्येही ‘एसईबीसी’ हीच अक्षरं वापरतात, पण इथे तो २७ टक्क्यांचा इतर मागासवर्ग. बातम्या महाराष्ट्राच्या ऐकून इथल्या फॉर्मवर एसईबीसीवर खूण करू नका. तुमची जात गुजरातच्या यादीत नसेल, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि वास्तव्याचा पुरावा असेल, तर आर्थिक दुर्बल गटाचा दाखला काढा. पुरावाच नसेल तर खुल्या गटातून भरा आणि त्या हिशेबाने अभ्यास वाढवा.

नॉन-क्रिमीलेअरचा दाखला काढताना तो गुजराती नमुन्यातला, राज्य सरकारच्या नोकरीसाठीचाच घ्या. इंग्रजी नमुना केंद्राच्या नोकऱ्यांसाठी असतो. आणि त्यावरची तारीख जाहिरातीत दिलेल्या मुदतीत बसते का ते तिथेच खिडकीपाशी उभं राहून बघा.

नावातला ‘भाई’ आणि ‘राव’

बडोद्याच्या मराठी माणसाच्या कागदांत हा घोळ हमखास असतो. शाळेच्या रजिस्टरात वडिलांचं नाव सुरेशभाई, आधारवर सुरेश, जातीच्या दाखल्यावर सुरेशराव. पाटीलचं पटेल झालेलं, जाधवचं जादव झालेलं. ज्ञानेश्वर महाराष्ट्रात इंग्रजीत ‘डीएनवाय’ने सुरू होतो, गुजरातच्या शाळेत ‘जीएन’ने, आणि एकाच मुलाच्या दोन कागदांवर दोन स्पेलिंगं येतात. लग्न झालेल्या मुलींचं तर माहेरचं आडनाव बारावीच्या मार्कशीटवर आणि सासरचं आधारवर.

अर्ज बारावीच्या मार्कशीटप्रमाणे भरा, आडनाव-नाव-वडिलांचं नाव याच क्रमाने. बाकीचे कागद मार्कशीटच्या नावाशी जुळवून घ्या. आधार दुरुस्त होतं, दाखला नव्याने निघतो. मोठा बदल असेल तर राजपत्रातून नाव बदलून घ्या, नुसत्या प्रतिज्ञापत्रावर विसंबू नका. हे सगळं भरती नसतानाच्या महिन्यांत करायचं काम आहे.

ओजस या गुजरात सरकारच्या भरतीच्या वेबसाइटवर फॉर्म भरून झाला की ‘कन्फर्म’ करा आणि कन्फर्मेशन नंबर लिहून ठेवा. नुसता अॅप्लिकेशन नंबर आला म्हणजे अर्ज गेला असं नाही. फोटो आणि सही १५ केबीच्या आत बसवताना चेहरा पुसट होऊ देऊ नका.

लेखीत नुकसान कुठे होतं

लोकरक्षकची लेखी २०० गुणांची, ३ तासांची. भाग अ ८० गुणांचा: तर्क व माहितीचं विश्लेषण ३०, गणित ३०, गुजराती उताऱ्याचं आकलन २०. भाग ब १२० गुणांचा: राज्यघटना ३०, चालू घडामोडी, विज्ञान व सामान्य ज्ञान ४०, गुजरात आणि भारताचा इतिहास, संस्कृती, भूगोल ५०. दोन्ही भागांत वेगवेगळे ४० टक्के हवेत. भाग बमध्ये शंभर आणि भाग अमध्ये एकतीस मिळाले तरी तुम्ही नापास, कारण अमध्ये किमान ३२ लागतात.

महाराष्ट्राच्या शिपाई भरतीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे ‘एकही प्रश्न सोडू नका’ हा तिकडच्या शिक्षकांचा सल्ला बरोबर आहे. इथे चुकीच्या उत्तराला ०.२५ जातात. डोळे मिटून चाळीस गोळे रंगवले, तर त्यांतल्या प्रत्येक चुकीमागे गुण कापले जातात.

गुजराती आपल्याला बोलता येते, म्हणून तिचा अभ्यास कुणी करत नाही. बाजारात, शेजारी, शाळेच्या मैदानात आयुष्यभर गुजराती बोलणारी, पण इंग्रजी माध्यमात शिकलेली मुलं छापील उतारा वाचायला अडखळतात. रोज एका गुजराती पेपरचा अग्रलेख मोठ्याने वाचा आणि चार ओळींत त्याचा सारांश लिहा. महिन्याभरात फरक जाणवतो. आणि आयपीसी, सीआरपीसी या जुन्या फौजदारी कायद्यांची पुस्तकं सेकंडहँड मिळतात म्हणून आणू नका. ते विषय लोकरक्षकच्या अभ्यासक्रमातून २०२४ मध्येच गेले, कायदेही १ जुलै २०२४ पासून बदलले.

लपवलेली केस, आणि पैसे मागणारा ओळखीचा माणूस

विसर्जनाच्या मिरवणुकीत झालेली मारामारी, किंवा दारूबंदी कायद्याच्या ६६(१)(ब) कलमाखाली दारू प्यायल्याची झालेली केस. महाराष्ट्रातल्या भावंडांना जे किरकोळ वाटतं, त्याची गुजरातेत पोलीस ठाण्यात नोंद होते. चारित्र्य पडताळणीच्या फॉर्मवर ती लपवू नका. अवतार सिंग खटल्यात (२०१६) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, की माहिती दडवणं हेच निवड रद्द होण्याचं कारण ठरू शकतं, आणि केस क्षुल्लक असेल तर सरकारला ती माफ करण्याचा विचार करता येतो. म्हणून खरं लिहा, निकालाची प्रत जोडा.

पैसे घेऊन काम करून देणाऱ्यांबद्दल. २ डिसेंबर २०१८ ची लोकरक्षक परीक्षा पेपर फुटल्याने त्याच दिवशी रद्द झाली. २९ जानेवारी २०२३ ची ज्युनिअर क्लार्कची परीक्षाही फुटली आणि त्यातली धरपकड आपल्या बडोद्यात झाली. त्यानंतर आलेल्या गुजरातच्या कायद्यात गैरप्रकार करणाऱ्या परीक्षार्थीलाही तुरुंग आहे. ‘साहेबांशी बोलणं झालंय’ म्हणणाऱ्या माणसाला घरात बसवून चहा पाजू नका. पोलीस व्हायला निघालेल्या मुलाच्या नावावर तोच गुन्हा लागेल.

निवड झाल्यावरही हिशेब आधीपासून माहीत असू द्या. पहिली पाच वर्षं लोकरक्षकला फिक्स पगार असतो, २०२३ च्या वाढीनंतर महिना २६,००० रुपये. क्लाससाठी कर्ज काढायच्या आधी हा आकडा आई-वडिलांसोबत बसून वहीत मांडा.