निरीक्षणगृहातील मुलांच्या नाट्यशिक्षणासाठी निधी कसा उभारावा: बडोद्यातील नाट्यसंस्थांसाठी मार्गदर्शन

गुन्ह्याचा आरोप असलेल्या अठरा वर्षांखालील मुलांना चौकशी होईपर्यंत जिथे ठेवतात, त्या निरीक्षणगृहातील मुलांबरोबर नाटक करण्यासाठी पैसे मागताना अनेक संस्था अर्जात आधी शेवटचा प्रयोग रंगवतात: नाट्यगृह, पाहुणे, टाळ्या, छायाचित्रे. माझ्या मते पैसे मागायचे ते वर्षभर त्याच मुलांपुढे तेच शिक्षक उभे राहावेत यासाठी, प्रयोगासाठी नव्हे, आणि याचे कारण कायद्यातच आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार मुलाला सर्वसाधारणपणे जामीन मिळावा आणि त्याची चौकशी बाल न्याय मंडळाने साधारण चार महिन्यांत पूर्ण करावी, अशी अपेक्षा आहे. म्हणजे दसऱ्याला तालमीत असलेला मुलगा दिवाळीला घरी गेलेला असू शकतो, आणि तो गेला हे चांगलेच झालेले असते. मुख्य भूमिका त्याच्यावर सोपवून बसलेल्या संस्थेची मात्र पंचाईत होते. म्हणून प्रत्येक सत्र स्वतःपुरते पूर्ण असेल असाच अभ्यासक्रम आखावा. चौकशीत दोषी ठरल्यावर मंडळाच्या आदेशाने विशेष गृहात पाठवलेली मुले जास्तीत जास्त तीन वर्षे तिथे असतात. दीर्घ तालमीचे नाटक तिथेच शक्य होते.

पैशांआधी परवानगी मिळवावी. अधिनियमाच्या कलम ५३ मध्ये संस्थांनी मुलांना द्यावयाच्या सेवांत शिक्षण, जीवनकौशल्ये आणि सांस्कृतिक उपक्रम यांचा समावेश आहे. अर्जात या कलमाचा उल्लेख जरूर करावा. अर्ज गुजरातीत लिहून गृहाच्या अधीक्षकांकडे आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे द्यावा. सोबत सर्व शिक्षकांची पोलीस पडताळणी, आठवड्याचे वेळापत्रक आणि आत न्यायच्या सामानाची यादी जोडावी. ही यादी हलक्यात घेऊ नये. दोरी, काचेचा आरसा, सेफ्टी पिना, कात्री, लांब ओढण्या या वस्तू फाटकावरच अडतील. जाड पुठ्ठा, कागदी मुखवटे, खडू आणि एक ढोलकी यांवर वर्ष निघते. लेखी परवानगीची प्रत हातात असली, की देणगीदाराचा पहिला प्रश्न आपोआप संपतो.

आता अंदाजपत्रक. समजा आठवड्याला दोन सत्रे, वर्षाला ४८ आठवडे, प्रत्येक सत्राला दोन शिक्षक आणि प्रत्येकी १,००० रुपये मानधन धरले, तर केवळ मानधनाचे १,९२,००० रुपये होतात. प्रवास, साहित्य, हिशेब तपासणी आणि शिक्षकांना महिन्यातून एकदा समुपदेशकाचे मार्गदर्शन मिळावे याचा खर्च वेगळा दाखवावा. शेवटची बाब कुणी मागत नाही, पण ती वगळू नये, कारण मुलांच्या तोंडून जे ऐकायला मिळते ते पेलायला शिक्षकालाही आधार लागतो. मुलामागे खर्च किती, असे विचारले तर सत्रामागे खर्च सांगावा. मुले बदलत असल्यामुळे मुलामागचा आकडा दिशाभूल करणारा ठरतो. महाराजा सयाजीराव विद्यापीठात नाट्यविभाग आहे. तेथील विद्यार्थी सहायक म्हणून घेतल्यास त्यांनाही मानधन द्यावे, फुकट राबवू नये. मराठी शिक्षकाने गुजराती आणि हिंदीत सत्र घेण्याची तयारी ठेवावी, हे सांगायलाच नको.

स्थानिक पातळीवर सर्वांत मोठी शक्यता कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीची (सीएसआर) आहे. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटी नक्त मूल्य, १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा असलेल्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम खर्च करायची असते, आणि त्यात आपल्या परिसराला प्राधान्य द्यायचे असते. बडोद्याभोवती तेलशुद्धीकरण, खते, रसायने आणि औषधनिर्मितीचे मोठे उद्योग असल्यामुळे ही तरतूद आपल्या कामाची आहे. अर्ज ‘कला’ या सदरापेक्षा ‘शिक्षण’ या सदराखाली करावा, आणि चालू (बहुवर्षीय) प्रकल्प म्हणून मान्यता मागावी. अशा प्रकल्पाला सुरुवातीचे वर्ष वगळून तीन वर्षांपर्यंत निधी मिळू शकतो. कंपन्या वार्षिक आराखडा नव्या आर्थिक वर्षासाठी ठरवतात, तेव्हा जानेवारीतच भेट घ्यावी. आपल्या संस्थेकडे १२ए आणि ८०जी ही आयकर सवलतीची नोंदणी, सीएसआर निधी घेण्यासाठी लागणारा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक व तीन वर्षांच्या तत्सम कामाची नोंद नसेल, तर ती असलेल्या न्यासाबरोबर लेखी करार करून एकत्र अर्ज करावा.

संस्कृती मंत्रालयाची नाट्यसंस्थांसाठीची अनुदाने आहेत, पण ती मुख्यतः निर्मिती आणि कलावंतांसाठी असल्याने पूरक मानावीत. बाल न्याय अधिनियमाच्या कलम १०५ खालील बाल न्याय निधी राज्य सरकार चालवते. तो थेट संस्थेला मिळेल असे गृहीत धरू नये. परदेशी देणगी त्यासंबंधीच्या कायद्याखालील (एफसीआरए) नोंदणीशिवाय स्वीकारू नये, आणि त्या कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीनंतर ती दुसऱ्या संस्थेला पुढे देताही येत नाही. मराठी मंडळांतील सभासदांच्या छोट्या मासिक देणग्या मात्र मला फार मोलाच्या वाटतात, कारण कंपनीचा हप्ता उशिरा आला तरी शिक्षकाचे मानधन त्यातून वेळेवर देता येते.

काम नवे वाटत असेल, तर देणगीदारांना अहमदाबादच्या छारानगरातील बुधन थिएटरचे उदाहरण द्यावे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवलेल्या समाजातील तरुणांनी १९९८ पासून ही नाट्यसंस्था उभी केली, आणि त्यामागे बंगाली लेखिका महाश्वेतादेवी व बडोद्यात अध्यापन केलेले भाषातज्ज्ञ गणेश देवी यांची प्रेरणा होती.

करारावर सही करण्यापूर्वी छायाचित्रांचा प्रश्न मिटवावा. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार मुलाची ओळख उघड होईल असे काहीही प्रसिद्ध करणे गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. चेहरा धूसर करून पाठ फिरवलेला फोटो द्या, असा आग्रह झाला तरी नकार द्यावा, कारण हातावरचे गोंदण किंवा शर्टसुद्धा गल्लीतल्या माणसाला पुरतो. त्याऐवजी मुलांनी बनवलेल्या मुखवट्यांची छायाचित्रे, सत्रांची व उपस्थितीची संख्या, नावे नसलेली शिक्षकाची नोंदवही आणि अधीक्षकांचा अभिप्राय द्यावा. पुन्हा गुन्हा करणाऱ्यांचे प्रमाण अमुक टक्क्यांनी घटेल, असे वचन कधीही देऊ नये. याच अधिनियमाच्या कलम २४ नुसार बहुतेक प्रकरणांत दोषसिद्धीचे अभिलेख मुदतीनंतर नष्ट करायचे असतात, आणि मुलाचा मागोवा घेत राहणे हे त्याला नव्याने सुरुवात करू देण्याच्या तत्त्वाविरुद्ध आहे.

अंदाजपत्रकाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढी रक्कम सुटून गेलेल्या मुलांसाठी राखून ठेवावी: बसभाडे, तालमीनंतरचा नाश्ता, आणि संस्थेच्या खुल्या रविवारच्या वर्गात कुणालाही काही न विचारता मिळणारी जागा. त्या वर्गाच्या हजेरीपटावर तो कुठून आला याचा रकाना ठेवू नये.