रेघेवर नजर: भाचीच्या कॉलेजचं गोल्फ मे महिन्यात कसं बघायचं

माझी भाची अमेरिकेत कॉलेजच्या गोल्फ संघातून खेळते. पहिल्या वर्षी माझी बहीण फोनवर म्हणाली, ‘‘ताई, पोरगी रीजनलला चाललीय.’’ मी म्हटलं, ‘‘छान, जपून जा म्हणावं.’’ रीजनल म्हणजे काय, किती दिवसांचं, जिंकलं तर पुढे काय, काही पत्ता नव्हता. तीन रात्री स्कोअरबोर्ड उघडून मी सगळ्यात वर कोण आहे तेवढंच बघत बसले आणि आपला संघ कुठेच नाही म्हणून हळहळले. चौथ्या दिवशी कळलं की आपण पुढे गेलोय!

मी तीस वर्षं बँकेत टॅली जुळवली. माझ्यासारख्या बाईचं असं व्हावं हे मला लागलं. मग वही घेतली, लाल पेन घेतलं. आता भाचीचं शेवटचं वर्ष चालू आहे आणि बहीणच मला विचारते, ‘‘काय गं, जाणार का आपण पुढे?’’ कुणाचं लेकरू, भाचा-पुतण्या तिकडे खेळत असेल, तर माझी पद्धत सांगते. मुलींच्या डिव्हिजन वनचं, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटाचं सांगते, कारण मी तेच बघते. मुलांचं बरंचसं तसंच, फक्त आठवडाभर मागून.

एप्रिलमध्ये कॉन्फरन्सची, म्हणजे कॉलेजांच्या आपापल्या गटाची स्पर्धा होते. ती जिंकणाऱ्या संघाला पुढची जागा थेट मिळते. बाकीच्यांना एनसीएए या कॉलेज खेळांच्या संस्थेची समिती वर्षभराचा खेळ बघून निवडते आणि एप्रिलच्या अखेरीस यादी जाहीर करते. मुलींचे एकूण 72 संघ घेतात आणि सहा ठिकाणी बारा-बारा वाटून देतात. हेच रीजनल. तीन दिवस, रोज अठरा होल, एकूण 54; चेंडू खळग्यात घालायला जितके कमी फटके, तितकं चांगलं. प्रत्येक ठिकाणचे पहिले पाच संघ फायनल्सला, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेला जातात. शिवाय जिचा संघ अडकला अशी सगळ्यात कमी स्कोअरची एक मुलगी एकटीच पुढे जाते. मुलांचे संघ 81, म्हणून त्यांच्या रीजनलला कुठे तेरा, कुठे चौदा. पुढे जाणारे तिथेही पाचच.

आता वहीत बारा ओळी आखा आणि पाचव्या ओळीखाली लाल रेघ मारा.

सगळी गंमत या रेघेत आहे. रीजनलचा करंडक पहिल्याला मिळतो, पण पुढे जाण्यापुरतं पहिला आणि पाचवा सारखेच. म्हणून वरचे तीन संघ काय करतात ते मी बघतच नाही. रोज दोनच आकडे लिहिते: आपण रेघेपासून किती फटके वर किंवा खाली, आणि रेघेच्या लगेच वरचा आणि लगेच खालचा संघ कोणता. ‘आपण सातवे’ याला काही अर्थ नाही. ‘आपण सातवे, रेघेपासून तीन फटके लांब’ याला आहे. तीन फटके म्हणजे काहीच नाही, एका होलवर दोन मुलींनी घोळ घातला की गेले.

फायनल्सला रेघ सरकते. तीस संघ येतात. तीन दिवसांनी रेघ पंधराव्याखाली, उरलेले घरी. चौथ्या दिवशी, म्हणजे 72 होलनंतर, रेघ आठव्याखाली. वैयक्तिक विजेती त्याच दिवशी ठरते. आणि आठ संघ उरले की आतापर्यंतचा सगळा हिशोब शून्य करून मॅच प्ले सुरू होतो. त्याचं पुढे सांगते, त्याच्यावर माझा राग आहे.

आधी पाचातले चार. नवीन माणूस इथेच फसतो. संघातून पाच मुली खेळतात, पण रोजच्या बेरजेत सगळ्यात चांगले चारच स्कोअर धरतात. समजा पाच जणींचे आले 71, 74, 75, 76 आणि 82. संघाचे झाले 296. कोर्सचा पार, म्हणजे अठरा होलना धरलेले फटके, 72 असेल तर चौघींचा पार 288, म्हणून बोर्डावर +8. ते 82 कुठेच नाही. उद्या पुन्हा पाचही जणी नव्याने. काल जिचा सोडला तिचा आज धरला जाईल.

म्हणून फेरी अर्ध्यावर आली की पहिल्या दोघींकडे बघू नका, त्यांचे स्कोअर धरले जाणारच आहेत. चौथी आणि पाचवी यांच्याकडे बघा. चौथी +4 वर आणि पाचवी +5 वर असेल, तर चौथीने दोन फटके घालवले तरी पाचवी तिला सावरते, संघाचा तोटा एकाच फटक्याचा. पण पाचवी +11 वर गेली असेल, तर चौथीचा प्रत्येक फटका रोख. मी त्या दोघींच्या नावांना गोल करून ठेवते.

भाची दुसऱ्या वर्षाला असताना रीजनलच्या शेवटच्या दिवशी ती 82 वाली ती स्वतःच होती. सोळाव्या होलवर तिचा चेंडू पाण्यात गेला. बहीण तिकडून फोनवर रडकुंडीला आलेली, ‘‘हिच्यामुळे जाणार सगळं.’’ मी वही बघून म्हटलं, ‘‘अगं, तिचा स्कोअर अर्ध्या तासापूर्वीच सुटलाय. आता ती काहीही मारू दे. तू त्या दुसऱ्या मुलीच्या मागे जा, सतराव्यावर आहे ती.’’ बहिणीला ते फार लागलं. आईला असं सांगायचं नसतं हे मला नंतर कळलं. पण हिशोब बरोबर होता. एका फटक्याने पाचवे आलो.

दुसरी फसगत बोर्डावरच्या ‘थ्रू’च्या रकान्यात. किती होल झाले ते तिथे दिसतं. रीजनलला अर्धे संघ पहिल्या होलवरून निघतात, अर्धे दहाव्यावरून, आणि दहाव्यावरून निघालेल्यांच्या आकड्याजवळ सहसा चांदणी असते. क्रिकेटमध्ये धावसंख्या सांगितली की आपण ‘किती ओव्हर उरल्यात?’ विचारतो ना, तसंच इथेही विचारायचं. आणखी एक पायरी पुढे जाऊन कोणते होल उरलेत तेही बघा. संघ रेघेखाली दिसतोय, पण पार-5 चे, म्हणजे फटका वाचवायला सोपे, दोन होल यायचेत, तर धीर धरा. रेघेवर आहोत पण कोर्सवरचे सगळ्यात अवघड तीन होल बाकी आहेत, तर पेढे आणू नका. कोणत्या होलवर सरासरी किती फटके जातात ते पहिल्याच दिवशी बोर्डावरून उतरवून ठेवावं, शेवटच्या दिवशी सोन्यासारखं उपयोगी पडतं. बोर्ड म्हणजे क्लिप्ड या वेबसाइटचा. 2023 च्या हंगामापासून कॉलेज गोल्फचे स्कोअर तिथे असतात. त्याआधी वर्षानुवर्षं गोल्फस्टॅट होतं. रीजनल टीव्हीवर बघायला मिळेल या आशेवर राहू नका. फायनल्सचे शेवटचे दिवस मात्र गोल्फ चॅनल दाखवतं.

रेघेवर बरोबरी झाली तर प्लेऑफ. पाचही जणी पुन्हा खेळतात, पुन्हा चारच धरतात आणि एकेका होलवर निकाल. 2018 मध्ये ओक्लाहोमातल्या कार्स्टन क्रीकवर ॲरिझोनाच्या मुलींचं असंच झालं. बियांका पाग्दांगननने शेवटच्या होलवर ईगल (पारपेक्षा दोन फटके कमी) मारला, तेव्हा कुठे ॲरिझोनाची बेलरशी आठव्या जागेसाठी बरोबरी झाली. प्लेऑफ जिंकून त्या रेघेवर चढल्या आणि पुढे राष्ट्रीय विजेत्या झाल्या. अलाबामाविरुद्धचा शेवटचा गुण हेली मूरने जादा होलवर मिळवला. रेघ बघायची सवय नसलेल्या माणसाला त्या दिवशी आठव्या जागेवर काय चाललंय ते दिसलंही नसतं.

पावसाचंही सांगून ठेवते. 2021 मध्ये बॅटन रूजच्या मुलींच्या रीजनलला तीन दिवस एकही फेरी झाली नाही. कोर्सवर खेळता येईल, पण अशा स्पर्धेच्या दर्जाचा खेळ होणार नाही, असं म्हणून समितीने मानांकनातले पहिले सहा संघ न खेळताच पुढे पाठवले. तेव्हा प्रत्येक ठिकाणी अठरा संघ असत. बाकीच्या बारा संघांतल्या मुली एक फटकाही न मारता घरी. मी तेव्हा या भानगडीत नव्हते, पण वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. यादी जाहीर होते त्या दिवशी आपलं मानांकन वहीत पहिल्या पानावर लिहा. आणि आपलं रीजनल कुणाच्या घरच्या कोर्सवर आहे तेही. यजमान संघ निवडला गेला असेल तर तो तिथेच खेळतो, आणि तिथल्या ग्रीनवरचा, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक गवतावरचा प्रत्येक उतार त्यांना पाठ असतो.

वेळेचं गणित सोपं आहे. मे महिन्यात कॅलिफोर्निया आपल्या साडेबारा तास मागे. म्हणून तिकडची वेळ घ्या, सकाळची रात्र करा आणि अर्धा तास मिळवा. तिकडे सकाळी सात म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. फायनल्स 2024 पासून कार्ल्सबादच्या ओम्नी ला कोस्टावर आहेत, त्यामुळे हे एकच गणित पुरतं. त्याआधी तीन वर्षं ॲरिझोनातल्या ग्रेहॉकवर होत्या, तिथेही मे महिन्यात हाच फरक. रीजनलचं तसं नाही: पूर्व किनाऱ्यावर असेल तर साडेनऊ तास, मधल्या राज्यांत साडेदहा. फायनल्सला संघ सकाळ-दुपार अशा दोन गटांत सोडतात. आपला संघ दुपारचा असेल तर सरळ झोपा आणि पहाटे साडेचारला उठा. शेवटचे पाच-सहा होल मिळतात, आणि खरं बघायचं तेवढंच असतं. एक फेरी पाच-साडेपाच तास चालते; पूर्ण जागलात तर दुसऱ्या दिवशी दुधाचं पातेलं करपतं.

मी एकदा प्रत्यक्षही जाऊन आले. पायात चांगले बूट हवेत, अठरा होल म्हणजे आठ-नऊ किलोमीटर चाल. मुलींना कॅडी नसतो. बॅग स्वतः उचलायची, नाहीतर हातगाडी ढकलायची. ते बघून जीव तुटतो, पण मदत करायची नाही. बोलायचं तर अजिबातच नाही. फेरीत सल्ला द्यायचा तो कोचने. खेळाडूने बाहेरच्या कुणाकडे मागितला तर दोन फटक्यांचा दंड. मला हे सांगितलं होतं, पण नवव्या होलवर पोरीचा चेहरा लालबुंद झालेला बघून तोंडातून निघालंच, ‘‘अगं, पाणी पी!’’ एक अधिकारी गाडीतून आला आणि मी काय म्हणाले ते फार सभ्यपणे विचारलं. मराठीत बोलल्यामुळे संशय जास्त. बहिणीने भाषांतर केलं. भाची मान खाली घालून चालत राहिली आणि पुढचे चार होल पाण्याच्या बाटलीला तिने हातही लावला नाही. तेव्हापासून माझा नियम: दोन्ही हात पाठीमागे, तोंड बंद, आणि ती पट, म्हणजे खळग्याकडचा हलका फटका मारत असेल तर जिथे असू तिथे पुतळा.

आता मॅच प्ले. मुलांमध्ये 2009 पासून, मुलींमध्ये 2015 पासून विजेता संघ असाच ठरतो. आठ संघ, पाच विरुद्ध पाच, प्रत्येकीची एकीशी लढत, तीन गुण ज्याचे तो संघ पुढे. उपांत्यपूर्व आणि उपांत्य फेरी एकाच दिवशी, दुसऱ्या दिवशी अंतिम. इथे फटके मोजत नाहीत, होल मोजतात. ‘2 अप’ म्हणजे दोन होलने पुढे. ‘3 आणि 2’ म्हणजे तीन होलची आघाडी आणि दोनच बाकी, म्हणून लढत तिथेच संपली. एका संघाचे तीन गुण झाले की कोर्सवर उरलेल्या लढती तिथेच थांबतात. बोर्ड बिघडला असं समजून फोन बंद-चालू करू नका, मी केलाय. इथे रेघ नसते. वहीत पाच चौकोन काढा आणि कोणते तीन आपले होतील ते बघा. दोन सोडून द्यायची तयारी ठेवा.

राग यासाठी की चार दिवस सगळ्यांत चांगलं खेळलेला संघ इथे एका सकाळीत बाहेर जाऊ शकतो. 2025 मध्ये स्टॅनफर्डच्या मुली स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे फटके मोजायच्या चार दिवसांत पहिल्या होत्या. अंतिम फेरीत नॉर्थवेस्टर्नने त्यांना 3-2 ने हरवलं आणि आपलं पहिलं विजेतेपद नेलं. बँकेत अशी टॅली कुणी चालू दिली नसती. बहीण म्हणते, ‘‘ताई, तुला राग येतो कारण तुझी वही बाद होते.’’ असेल. पण त्या रात्री पाचवी लढत शेवटपर्यंत बघितली मीच.

आमचा संघ तिथवर अजून गेलेला नाही. फायनल्सला एकदा तीन दिवसांनी सतरावे होतो, रेघेपासून चार फटके लांब. त्या पानावर रेघेखाली पेन्सिलीने भाचीचे तिन्ही दिवसांचे स्कोअर लिहिलेत, आणि तिन्ही धरले गेले होते. तिला मी लगेच फोन केला नाही. कार्डावर सही व्हायची असते, मग कोचचं बोलणं, मग संघाची बस. दोन तासांनी तिचाच आला आणि तिने पहिलं विचारलं, ‘‘मावशी, रेघ कितीवर पडली?’’