उत्तर येत होतं, तरी गुण का गेले? या चुका टाळा

पानभर उत्तर, अक्षर सुरेख, एकही वाक्य चुकीचं नाही, आणि गुण पाचपैकी दोन. मूल रडकुंडीला येतं, कारण त्याने खरंच अभ्यास केलेला असतो. प्रश्नात 'फरक स्पष्ट करा' असतं आणि त्याने 'माहिती लिहा' असं वाचलेलं असतं.

सगळ्यात जास्त गुण खाणारी चूक हीच. 'वितळणे आणि विरघळणे यांतील फरक स्पष्ट करा' हा प्रश्न घ्या. बहुतेक मुलं डावीकडे एक व्याख्या लिहितात, उजवीकडे दुसरी. दोन्ही बरोबर, पण फरक कुठेच नाही. फरक दाखवायचा तर आधी मुद्दा ठरवावा लागतो. पदार्थ किती लागतात? वितळायला एकच पुरतो, विरघळायला दोन हवेत. तापमान किती लागतं? मीठ वितळतं सुमारे 801 अंश सेल्सिअसला, पाण्यात मात्र ते साध्या तापमानालाच विरघळतं. म्हणून मी मुलांना दोन रकान्यांच्या आधी 'मुद्दा' नावाचा तिसरा रकाना आखायला लावते. तो रिकामा राहिला, तर तुलना अजून सुरूच झालेली नाही.

'कारण द्या'मध्ये वेगळाच घोळ होतो. बर्फ पाण्यावर का तरंगतो? 'कारण तो हलका असतो.' हा तर प्रश्नच फिरवून लिहिला. अशा उत्तरापुढे पुन्हा 'पण का?' विचारा. पाणी गोठताना रेणूंची रचना अधिक मोकळी होते, आकारमान साधारण 9 टक्क्यांनी वाढतं, म्हणून घनता कमी होते. इथे कारण सापडलं.

गणितात मुलं एखादा शब्द पकडून धावतात. 'एकूण 24 गोट्या, त्यांतल्या 9 लाल, तर बाकीच्या किती?' 'एकूण' दिसलं की बेरीज, उत्तर 33. ही सवय मोठ्यांनीच लावलेली असते, 'एकूण म्हणजे बेरीज' असं शिकवून. आकडे बोटाने झाकून उदाहरण वाचायला लावा. काय घडलंय ते मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगितलं की मगच बोट काढा.

'तुमचे मत लिहा' असेल तर नुसतं 'मला योग्य वाटतं' पुरत नाही. कोणत्या कसोटीवर योग्य, तेही लिहायला हवं.

एक चूक मात्र आम्हा शिक्षकांची. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी 1956 मध्ये विचारांच्या सहा पायऱ्या मांडल्या. 2001 च्या सुधारित मांडणीत त्या स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन आणि निर्मिती अशा येतात. त्यावरून क्रियापदांच्या याद्या तयार झाल्या आणि प्रश्नात 'विश्लेषण करा' लिहिलं की विश्लेषण तपासलं, असं आपण धरून चाललो. पण तेच विश्लेषण आधी वहीत उतरवून दिलं असेल, तर मुलाला ते फक्त आठवायचं असतं. विचार खरोखर होतोय का हे पाहायचं तर उदाहरण बदलून विचारा: मेणबत्तीचं मेण पातळ झालं, पाण्यातली साखर दिसेनाशी झाली, कुठे काय घडलं आणि कशावरून? 'कशावरून'पाशी मूल अडलं, तर व्याख्या पाठ आहेत पण फरक अजून कळलेला नाही. मग पुन्हा त्या तिसऱ्या रकान्यापासून सुरुवात करायची.