जाड स्लॅब सेरिफ वापरताना या चुका टाळा

स्लॅब सेरिफ अक्षरांच्या टोकांना निमुळत्या शेपट्या नसतात, तर खांबाइतक्याच, म्हणजे अक्षराच्या उभ्या रेघेइतक्याच, जाडीच्या सपाट पट्ट्या असतात. लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्स यांनी १८१५ च्या सुमारास ‘अँटिक’ या नावाने असा टाइप आणला, आणि तो रुळला भित्तिपत्रकांवर, जिथे रस्त्याच्या पलीकडून मजकूर वाचता येणे महत्त्वाचे होते. हे विसरून तो जवळून वाचायच्या बारीक मजकुराला लावणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

ती मीही केली आहे. एका मसाल्याच्या पाकिटावर ‘अल्फा स्लॅब वन’ या फाँटमध्ये नाव छान बसले, म्हणून मोहापायी घटकांची इंग्रजी यादीही त्याच फाँटमध्ये सात पॉइंटात लावली. पडद्यावर मोठे करून पाहताना सारे स्वच्छ दिसत होते. खाकी कागदावर मात्र शाई पसरली आणि स्मॉल ‘ई’ आणि ‘ए’ यांच्या पोटातली पोकळी बुजून नुसते काळे ठिपके उरले. अशा अक्षराची ओळख त्याच्या पोटातल्या पांढऱ्या जागेवर टिकते, त्यामुळे प्रूफ, म्हणजे छपाईआधीची नमुना प्रत, नेहमी प्रत्यक्ष आकारात आणि त्याच कागदावर काढावे आणि यादीसाठी साधा, हलका फाँट घ्यावा.

संकेतस्थळावर हीच पोकळी वेगळ्या वाटेने बुजते. ‘अल्फा स्लॅब वन’ला एकच वजन, म्हणजे जाडीची एकच पातळी आहे, ४००, पण मुख्य मथळ्याचा टॅग मुळातच बोल्ड असल्याने ब्राउझर त्या आधीच जाड अक्षराला आणखी फुगवतो. मथळा लिबलिबीत दिसू लागला, तर सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, फाँट-वेट ४०० असे स्पष्ट लिहावे.

जागा भरण्यासाठी अक्षरे आडवी ताणणे ही डीटीपीतली जुनी खोड आहे. रुंदी १३० टक्के केली की उभे खांब तेवढेच जाडावतात, पण आडव्या पट्ट्या होत्या तशाच राहतात आणि दोन्हींचा सारखेपणा, म्हणजे या अक्षराचा सारा डौल, निघून जातो. त्यापेक्षा पॉइंट वाढवावा किंवा शब्द कमी करावेत. कॅपिटल अक्षरे फार जवळ आणल्यास शेजारच्या पट्ट्या चिकटून तळाशी काळी रेघ तयार होते, ती अंतर किंचित वाढवताच सुटते.

सर्व स्लॅब एकाच जातीचे समजू नयेत. १८४५ च्या ‘क्लॅरेंडन’मध्ये पट्टी खांबाला वळण घेऊन मिळते, म्हणून तो मवाळ वाटतो, १९३४ चा ‘रॉकवेल’ काटकोनात मिळतो आणि यंत्रासारखा करकरीत दिसतो. लोणच्याच्या बरणीला मी तरी ‘रॉकवेल’ लावणार नाही.

मराठी मजकुराची गफलत वेगळी आहे. ‘अल्फा स्लॅब वन’मध्ये देवनागरी अक्षरेच नाहीत, त्यामुळे तो निवडून मराठी टाइप केले की विंडोज गुपचूप ‘निर्मला यूआय’सारखा दुसराच फाँट बसवते आणि जाड इंग्रजी नावाशेजारी मराठी नाव उपाशी दिसते. महाराष्ट्रात दुकानाच्या पाटीवरचे मराठी नाव इतर लिपीपेक्षा लहान ठेवता येत नाही; पण पॉइंट सारखा ठेवला म्हणून अक्षरे सारखी दिसतातच असे नाही. जाड देवनागरी फाँट वेगळा निवडून त्याच्या उभ्या दंडाची जाडी इंग्रजी खांबाशी जुळवावी आणि मग उंची डोळ्यांनी ठरवावी, कारण शिरोरेखेमुळे देवनागरीचे वजन वरच्या बाजूला असते, तर स्लॅबच्या पट्ट्या ते तळाशीही आणतात.